समोरच्या दाताचा कोपरा

हे कधी कोणाच्या हाती लागलंच, तर वाचणाऱ्यानं माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे फार बघू नये. मी चौथीपर्यंतच शिकले, आणि तेही हिंदी शाळेत. मराठी मला आईच्या तोंडून आली, म्हणून कानाला जशी ऐकू येते तशी लिहिते. अक्षरही वाईट आहे. मशीनवर माझी शिवण सरळ जाते, पण कागदावर ओळ खाली खाली उतरते. त्याबद्दल माफी असावी. घरात मराठी बोलायला आता कोणी उरलं नाही, एवढंच लिहिण्याचं कारण.

मी साड्यांना फॉल लावते आणि पिको करते. जबलपूरला सराफ्याच्या मागच्या गल्लीत एक खोली आहे, खिडकीशी मशीन आहे. यजमान कारखान्यात होते, ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. बायका साडी खिडकीतूनच आत देतात, "दीदी, परसों तक?" म्हणून विचारतात, मी मान हलवते. बहुतेकींनी माझा आवाज ऐकलेला नसेल.

दोरा मी दातांनी तोडत असे. कात्री हाताशी असली तरी तोंडच आधी पुढे जायचं. एका दुपारी जरीच्या साडीचा दोरा तोडताना कट्‌ असा आवाज झाला आणि वरच्या समोरच्या दाताचा कोपरा माझ्या हातात आला. तांदळाच्या कणीएवढा तुकडा. एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं कत्थई, काताच्या रंगाचा.

माझे दात लहानपणापासून कत्थई आहेत. दुधाचे पडून नवे आले ते तसेच आले, मध्ये पिवळे, कडेला गंजल्यासारखे. तेव्हा आम्ही मझौलीच्या पुढे एका खेड्यात राहत होतो. वडील वर्धेकडून तिथे एका शेतमालकाकडे कामाला आले होते. आई मला रोज सकाळी उंबऱ्यात बसवून राखेनं दात घासायची. राखेनं गेलं नाही म्हणून कोळसा झाला, कोळशानं गेलं नाही म्हणून विटेची भुकटी. हिरड्यांतून रक्त यायचं. "घासत नाही पोट्टी, नुसतं बोट फिरवते," असं ती वडिलांना सांगायची. मी घासत होते. आई झोपल्यावर मी पुन्हा उठून घासायची. शाळेत पोरं मला "जंग लगी", गंजलेली, म्हणत. बाकी कोणाचे दात तसे नव्हते, म्हणून घाण मीच असणार हे मलाही पटलेलं होतं.

चौथी झाली आणि वडिलांना जबलपूरला कारखान्यात काम मिळालं. इथल्या शाळेत पाचवीसाठी घेऊन गेले. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "बेटा, नाम क्या है?" मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. नाव सांगायचं तर दात दिसतात. बाईंनी पुन्हा विचारलं, मग वडिलांना म्हणाल्या, "गूंगी है क्या?" वडील म्हणाले, "नहीं जी, घर में तो बोलती है." पण मी बोलले नाही. वडिलांनी मला घरी आणलं. मग पुन्हा कोणत्या शाळेत नेलं नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत यजमान हसताना दिसतात. मी तोंडावर पदर धरलाय.

तर दाताचा कोपरा तुटला. त्यानं जीभ कापली जायची आणि "स" म्हणताना हवा सुटायची. मला सख्खी अशी एकच, माझी मोठी बहीण. ती नागपूरला असते. मी पैशांसाठी तिला फोन केला.

"किती म्हनते डॉक्टर?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.

"एका कोपऱ्याचे एवढे? पूर्ण बत्तिशी नवी बसवून देते काय?"

"ताई, सामने दिसतो ना."

"देते पाठवून. पन एक सांगू काय, राग नको मानू. लहानपनी दात घासले असते नीट, तर आज हे झालं नसतं. माझे दात पाह्य, एक हालला नाही अजून."

ताईचे दात खरंच चांगले आहेत, शुभ्र, सारखे. ती आजीजवळ नागपूरकडेच वाढली. मी लहान असताना ती सुट्टीत आली की तोंड भरून हसायची आणि मी तिच्याकडे बघत बसायची.

पैसे आले. मी एका दवाखान्यात जाऊन दातात मसाला भरून घेतला. इथे त्याला मसालाच म्हणतात, पांढरा, दातासारखा, वरून निळा उजेड टाकून घट्ट करतात. पंधरा दिवसांत तो वरणभातात निघून आला. पुन्हा गेले तर ते म्हणाले, "आपने कुछ कड़क खाया होगा." वरण कडक नव्हतं. त्यांनी पुन्हा लावायचे पुन्हा पैसे सांगितले. ताईला पुन्हा फोन करावा लागला. तिनं पाठवले, पण बोलणं आधीच्यापेक्षा लांब झालं. दुसरा मसाला महिनाभर टिकला आणि तोंड धुताना बेसिनमध्ये गेला.

त्यानंतर मी बरेच दिवस तशीच राहिले. तिसऱ्यांदा मागायचं आणि तेही पडायचं, मग ताईचं म्हणणं खरंच ठरायचं, की हे तोंडच घाण आहे, यात कोणी काही घालू नये. मला दातापेक्षा त्याची भीती होती.

एका गिऱ्हाईक बाईनं माझ्या तोंडाकडे बघितलं असावं. साडी देता देता म्हणाली, "दीदी, चौक के ऊपर एक नई डॉक्टर बैठती है. लड़की है, डाँटती नहीं." डाँटती नहीं, या एका गोष्टीवर मी गेले.

डॉक्टर खरोखरच मुलगी होती. माझी मुलगी असती तर तेवढी असती. मी खुर्चीत आडवी झाले, पण तोंड उघडेना. तिनं घाई केली नाही. ती म्हणाली, "आंटी, मैं भी दाँत दिखाने में शरमाती थी, मेरे टेढ़े थे. आराम से." बघून झाल्यावर ती खुर्ची मागे सरकवून बसली आणि म्हणाली, "ये आपने गंदे नहीं किए हैं."

ऐकलं ते बरोबर ऐकलं का, हेच कळेना.

"बचपन में कहाँ रहती थीं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, दात हिरडीच्या आत तयार होत असताना लहान मूल जे पाणी पितं, त्यात फ्लोराइड नावाचं काही जास्त असलं तर दात असे होतात. वरून काही लागलेलं नसतं, आतूनच तसे येतात. घासून जात नाहीत.

"राख से भी नहीं?" मी विचारलं. त्या खुर्चीत मी स्वतःहून बोललेलं ते पहिलं वाक्य.

"किसी चीज़ से नहीं, आंटी."

मग मी मसाला दोनदा पडल्याचं सांगितलं. ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "सच कहूँ तो मुझसे भी गिर सकता है. कॉलेज में हमने अच्छे दाँतों पर सीखा. ऐसे दाँत पर वही तरीका चलता है कि नहीं, देखना पड़ेगा." तिनं टेबलावरचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मला त्यातलं काय कळणार म्हणून मी भिंतीकडे बघू लागले, तर ती हसली. "आप फॉल लगाती हैं ना? कौन सा फॉल रंग छोड़ता है, कैसे पता चलता है?"

"एक की साड़ी खराब होती है, वो सबको बताती है."

"बस, यही है."

तिनं समजावलं ते मला असं कळलं. कॉम्प्युटरवर एक सामाईक जागा आहे. गावोगावचे दातांचे डॉक्टर, अगदी एका खुर्चीचे दवाखानेसुद्धा, आपल्याकडे कसा दात आला, काय केलं, किती दिवस टिकलं, का पडलं, हे तिथे लिहून ठेवतात. पेशंटचं नाव नाही, चेहरा नाही, नुसता एक नंबर. मोठ्या कॉलेजात जे संशोधन करतात ते हे सगळं वाचतात, आणि त्यांना प्रयोगात जे सापडतं ते तिथेच ठेवतात. पूर्वी त्यांचं त्यांच्याजवळ राहायचं, यांचं यांच्याजवळ. दोन्ही एका ठिकाणी आलं म्हणून असा दात समोर आला की विचारायला जागा झाली.

ती शोधत होती आणि मी बघत होते. एकाखाली एक फोटो येत गेले. नुसती तोंडं. ओठ प्लास्टिकच्या कड्यांनी बाजूला ओढलेले, आणि मधे दात. पिवळे, कत्थई, काळ्या ठिपक्यांचे, कोपरे उडालेले. कुठलं कोण, बाई की पुरुष, काही कळत नव्हतं. मला वाटलं होतं असे दात जगात माझेच. मी एकेक तोंड नीट बघितलं. ती पुढे सरकवायला लागली तर मी म्हटलं, "ज़रा रुकिए." ती थांबली. काहून थांब म्हणते, हे तिनं विचारलं नाही.

एका दवाखान्यानं लिहिलं होतं की अशा दातावर नेहमीसारखं केलं ते दोनदा पडलं, मग वरचा थर हलका घासून घेतला, औषध जास्त वेळ ठेवलं, तेव्हा टिकलं. एका कॉलेजनं तेच काढलेल्या दातांवर करून बघितलेलं होतं. डॉक्टरनं दोन्ही वाचलं, मग पुन्हा वाचलं. म्हणाली, "ऐसे करते हैं. पक्का वादा नहीं, लेकिन पहले से अच्छा." मग विचारलं, "आपका भी लिखूँ उसमें? टिके तो भी, गिरे तो भी. आपकी मर्ज़ी. मना करेंगी तो भी इलाज वही होगा."

मी हो म्हटलं.

फोटोसाठी तिनं माझ्या ओठांत ती कडी घातली. जन्मभर जे झाकलं ते सगळं एकदम उघडं झालं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ती म्हणाली, "दर्द हो रहा है?" मी मान हलवून नाही म्हटलं. मग तिनं प्रश्न विचारायला घेतले, ते त्या जागी भरायचे होते. त्यात एक होता, आठ वर्षांची होईपर्यंत पाणी कुठलं प्यायला, विहिरीचं, नदीचं, की हँडपंपाचं.

"हँडपंप का," मी म्हटलं.

"पूरे गाँव में हँडपंप था?"

"एक ही था. सड़क के पास. गाँव तो कुएँ का पीता था."

"तो आपके घर में सब हँडपंप का पीते थे?"

"नहीं. सिर्फ़ मैं."

ती लिहिता लिहिता थांबली. मीही थांबले. जे तोंडातून गेलं ते मला तेव्हाच ऐकू आलं.

मी लहानपणी फार आजारी असायची. पोट सारखं बिघडलेलं. आईची त्याआधीची दोन लेकरं अशीच पोट बिघडून गेली होती. तेव्हा सरकारी हँडपंप नवाच बसला होता, आणि टोचायला येणारी नर्स आईला म्हणाली होती की हिला विहिरीचं देऊ नको, हँडपंपाचं दे, ते स्वच्छ. विहीर आमच्या घरामागे होती. हँडपंप गावाबाहेर, सडकेला. आई रोज घागरीएवढा एक पितळी गुंड कमरेवर घेऊन तिथे जायची, पावसातही जायची, आणि ते पाणी माझ्यासाठी वेगळं ठेवायची. वर फडकं बांधलेलं. वडिलांनी एकदा त्यातला पेला घेतला तर ती त्यांच्या अंगावर ओरडली होती, "लेकराचं आहे ते!" गावातल्या बायका तिला हसत. घरामागे विहीर असून ही सडकेला जाते म्हणत. मी जगले. जगले ती त्या पाण्यावर, आणि दात गंजले तेही त्याच पाण्यानं. आई सकाळी विटेच्या भुकटीनं मला घासायची आणि मग गुंड घेऊन तेच पाणी आणायला निघायची. तिला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टर म्हणाली, "आंटी, पानी पिएँगी?" मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं. मी हसले. हात तोंडावर न्यायचा राहून गेला.

मी घरी आले. कोणाला तरी हे सांगायचं होतं. यजमानांचा फोटो आहे, पण फोटोशी मला बोलता येत नाही, कधी जमलंच नाही. शेजारी चांगले आहेत, पण त्यांना हिंदीत काय सांगू, कुठून सुरू करू? आई असती तर तिला सांगितलं असतं का, हे मात्र ठरवता येईना. गुंड घेऊन चालणारी आई दिसायची आणि वाटायचं, बरं झालं कळायच्या आत गेली.

इलाजाचे पैसे ताईकडेच मागायचे होते. मी तिसऱ्यांदा फोन केला.

"परत पडला?" तिनंच सुरू केलं. "मी सांगितलं होतं तुले."

"ताई, ते घासण्यानं नाही होत. पाण्यानं होते." मी तिला सगळं सांगितलं, एका दमात, जेवढं मी कधी कोणाशी बोलले नसेन.

ती एकदम चिडली. "म्हंजे आता आईच्या माथी मारून राहिली तू? तिनं तुले खराब पानी पाजलं म्हनतं?"

"नाही ताई. ती तर..."

"मले नको सांगू. तुले तिनं सडकेवरून पानी आनून पाजलं. मले काय पाजलं? मले आजीजवळ ठेवून दिलं. सहा महिन्यांनी एकदा तोंड दाखवायची. माझे दात पांढरे आहेत म्हनतं ना तू? मले तिच्या हातचं पानीच कुठं भेटलं वं!"

ती रडत होती. ताईला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, इतके चांगले दात असलेल्या माणसाला काय कमी असेल. मी फोन कानाला धरून बसले. थोड्या वेळानं ती नाक ओढून म्हणाली, "किती पाठवू?"

"उधार म्हणून पाठव. सगळे परत करीन, आधीचेही."

"कोन मागून राहिलं तुले?"

"मी करीन."

दाताचं काम झालं. डॉक्टरनं आधी थर घासला, औषध लावून घड्याळ लावलं, मग मसाला. म्हणाली, "अब धागा दाँत से नहीं." मी मशीनला कात्री सुतळीनं बांधून टाकली. पहिले काही दिवस मी जेवताना दुसऱ्याच बाजूनं चावायची, रात्री जीभ लावून बघायची, आहे का. पंधरा दिवस गेले, महिना गेला. डॉक्टरनं बोलावलं होतं तेव्हा तेव्हा गेले. दरवेळी ती बघून कॉम्प्युटरवर लिहायची, आहे, टिकला आहे. एकदा म्हणाली, सिहोऱ्याकडच्या, आमच्या जुन्या खेड्याच्या बाजूच्याच, एका दवाखान्यानं माझ्या नंबरखाली लिहिलेलं वाचून तसंच केलंय, एका शाळेतल्या मुलीला. मी विचारलं, "कौन लड़की?" ती म्हणाली, "ये तो मुझे भी नहीं दिखता, आंटी."

बाकीचे दात कत्थईच आहेत. डॉक्टरनं विचारलं होतं, तेही करू या का. मी नको म्हटलं.

ताईला मी दर महिन्याला थोडे थोडे पाठवत गेले. मला फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात रोख देते आणि तो भैया पाठवतो. पोचले की ताईचा फोन येतो. "भेटले," ती म्हणते. आधी एवढंच म्हणायची. मग एकदा विचारलं, "तो गुंड कुठं आहे वं?" मी म्हटलं, वडिलांनी जबलपूरला येतानाच मोडीत दिला. तिनं "अच्छा" म्हटलं आणि फोन ठेवून दिला. नंतरच्या महिन्यात पुन्हा विचारलं, आई सडकेवर जाताना काही गुणगुणायची काय? मी म्हटलं, नाही, गप्प चालायची, दमायची. "माझ्याबद्दल बोलायची?" मी म्हटलं, हो. खरं म्हणजे मला आठवत नाही. दात घासण्याचं तिनं पुन्हा कधी काढलं नाही.

लग्नसराईत कामं खूप आली, मी रात्री उशिरापर्यंत बसले, आणि मधल्या दोन महिन्यांत जास्त जास्त पाठवलं. खरं तर हळूहळू द्यायला हवं होतं. ताईचा दर महिन्याचा फोन तेवढ्यासाठीच होता, हे मला कळत होतं, पण तोंडात तिचे पैसे घेऊन हिंडणंही होत नव्हतं.

शेवटचे द्यायला गेले त्या दिवशी दुकानात गर्दी होती. भैयानं पैसे मोजून घेतले, फोनवर बोटं मारली आणि म्हणाला, "हो गया दीदी." मी तिथेच बाजूला उभी राहिले. ताईचा फोन आला.

"भेटले," ती म्हणाली.

"ताई, आता काही राहिलं नाही. सगळे झाले."

"हो. झाले." मागे तिच्या घरातला टीव्ही चालू होता. "तुझा दात?"

"आहे."

"चलो, मग." आणि फोन बंद झाला. मी दुकानाच्या पायऱ्या उतरले. तीन वेळा घेतलेले सगळे पैसे फिटले होते.